तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या जर्मन डिझेल गाडीत ऑइल कोणते घालायचे?

साताऱ्यात 2008 सालची फोक्सवॅगन जेटा अजून रोज बाहेर काढणारा माणूस दिसला की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात : पार्ट मिळतात का, आणि ऑइल कोणते घालता? पहिल्याचे उत्तर ‘मिळतात, पण थांबावे लागते’ एवढ्यावर भागते. दुसऱ्याचे उत्तर पोवई नाक्यावर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून लिहून काढतो आहे. घाई असलेल्यांसाठी आधीच सांगतो : डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘505 01’ हे मानक छापलेले 5डब्ल्यू-40 ऑइल, चांगल्या कंपनीचा फिल्टर, आणि दोन्ही साडेसात हजार किलोमीटरला बदलणे. ऑइल कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे.

या आकड्याचा एवढा आग्रह का, हे समजण्यासाठी इंजिनाच्या आत डोकवावे लागते. माझ्या गाडीचे 1.9 लिटरचे टीडीआय इंजिन पीडी जातीचे आहे. आजच्या कॉमनरेल इंजिनात एकच पंप सगळ्या इंजेक्टरांसाठी दाब तयार करतो. पीडीमध्ये प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर स्वतःच पंप असतो आणि तो दाबण्याचे काम कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याला, करावे लागते. हा दाब दोन हजार बारच्या घरात जातो. एकाच कॅमशाफ्टवर इंजेक्टरसाठी आणखी एक रुंद लोब (दाबणारा उंचवटा) बसवायचा म्हटल्यावर व्हॉल्व्हच्या लोबांना जागा कमी उरली आणि ते अरुंद झाले. लोब आणि तो ज्याला दाबतो तो टॅपेट यांच्यामधला ऑइलचा थर तुटू लागला की आधी लोबची कड झिजते, मग टॅपेटच्या माथ्याला खड्डा पडतो, आणि एक दिवस इंजिनाचे काम निघते. ही झीज डोळ्यांसमोर ठेवूनच फोक्सवॅगनने पीडीसाठी 505 01 हे वेगळे मानक ठरवले. साध्या डिझेल इंजिनांचे 505 00 हे मानक येथे पुरत नाही, आणि दोन्ही आकडे इतके सारखे दिसतात की काउंटरवरचा मुलगा ‘साहेब, तेच आहे’ म्हणून डबा पुढे सरकवतो. ते तेच नसते.

दुसरा अडथळा आपल्या मिस्त्रींचा. गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल घाला, 20डब्ल्यू-50 टाका म्हणजे आवाज बसेल, असा सल्ला मला अनेक गॅरेजांत मिळालेला आहे. आवाज बसतो, हे खरे आहे. त्यामागे ‘आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून ऑइल जाड हवे’ असे गणित असते, आणि ते मात्र चुकीचे आहे. एकदा गरम झालेल्या इंजिनातले ऑइल शंभर अंशांच्या आसपासच राहते, मग गाडी महाबळेश्वरात असो की म्हसवडला. डब्यावरचा 40 हा आकडा याच शंभर अंशांवरचा जाडपणा सांगतो, तो 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असावा लागतो, आणि इंजिनाच्या फटी तेवढ्याच हिशेबाने ठेवलेल्या असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा. 5डब्ल्यूची एक चाचणी उणे 30 अंशांवर होते, म्हणून ‘साताऱ्यात त्याचे काय काम’ असे विचारले जाते. परंतु डिसेंबरातल्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असताना 20डब्ल्यू-50 हे 5डब्ल्यू-40 पेक्षा कितीतरी घट्ट झालेले असते, आणि त्याला तळाच्या चेंबरमधून इंजिनाच्या माथ्यावरच्या कॅमशाफ्टपर्यंत चढायचे असते. जो लोब वाचवायचा, त्यालाच ऑइल शेवटी मिळते.

याचा अर्थ जितके पातळ तितके चांगले, असाही नाही. चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकीचा किंवा यवतेश्वरचा घाट चढताना बेअरिंगमधला ऑइलचा थर बराच जास्त तापतो. त्यासाठी 150 अंशांवर जाडपणा मोजणारी एचटीएचएस नावाची चाचणी असते. एसीईए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या ए3/बी4 आणि सी3 या वर्गांत तिचे मूल्य किमान 3.5 लागते, ए5/बी5 आणि सी2 या वर्गांत ते त्याहून कमी असते. त्यामुळे भाच्याच्या नव्या गाडीचे उरलेले 0डब्ल्यू-20 आपल्या गाडीत ओतू नये, फुकट मिळाले तरीही.

डबा हातात घेतल्यावर समोरची चकचकीत बाजू वाचण्यात वेळ घालवू नका. मागची बाजू वाचा. तेथे मानकांच्या यादीवर ‘अप्रूव्हल’ लिहिले आहे की ‘सूटेबल फॉर’, एवढे बघा. पहिल्या बाबतीत गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून मान्यता दिलेली असते, दुसऱ्या बाबतीत ऑइल विकणारा स्वतःच स्वतःला शिफारसपत्र देत असतो.

आता अनेकांचा उपप्रश्न : नवे 507 00 चालते का? चालते. 505 01 च्या जागी ते वापरण्याची मुभा फोक्सवॅगननेच दिलेली आहे. अपवाद 2006 च्या मध्यापूर्वीच्या पाच आणि दहा सिलिंडरच्या टीडीआय इंजिनांचा. हे ऑइल कमी राखेचे असते, आणि डिझेलमधल्या गंधकापासून होणारे आम्ल मारण्याची त्याची शिदोरी मुळात लहान असते. माझी गाडी नवी होती तेव्हा येथल्या डिझेलमधले गंधक शेकड्यांच्या पीपीएममध्ये असे, त्यामुळे ही धास्ती रास्त होती. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 इंधन आले आणि ही मर्यादा 10 पीपीएमवर आली. तरी मी 5डब्ल्यू-40 सोडलेले नाही, कारण ऑइल निम्म्या अंतरावरच बदलायचे म्हटल्यावर 507 00 चे दीर्घायुष्य विकत घेण्यात मला हशील दिसत नाही. जर्मनीत लाँगलाइफ ऑइलवर तीस हजार किलोमीटर चालवतात, आपल्याकडे कंपनी पंधरा हजार सांगते. पण मंडईपर्यंत जाऊन इंजिन तापण्याआधी परत येणाऱ्या गाडीला पंधरा हजारही जास्तच.

फिल्टरच्या बाबतीत मात्र कंपनीचे नाव बघावे लागते. मान, माले, हेंग्स्ट, बॉश यांपैकी कोणताही चालेल. शोरूमच्या पुडक्यातला फिल्टरही बहुधा अशाच एखाद्या कारखान्यातला असतो. या इंजिनात लोखंडी डबीचा नव्हे, तर नुसता कागदी फिल्टर इंजिनावरच्या त्याच्या घरात बसवायचा असतो, आणि त्याचीच नक्कल करणे सोपे असते. पुण्यात नाना पेठेतून मागवा की ऑनलाइन, हातात आल्यावर उजेडात धरून बघा. चांगल्या फिल्टरच्या घड्या एकसारख्या अंतरावर उभ्या असतात आणि टोकाला घट्ट चिकटलेल्या असतात. नकलीत दोन घड्या एकमेकींना टेकलेल्या दिसतात आणि अंगठ्याने दाबल्यावर कागद पुठ्ठ्यासारखा मोडतो. सोबत आलेली ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) ऑइलमध्ये भिजवून बसवायची, जुनी चपटी झालेली काढून फेकायची. झाकण प्लास्टिकचे असते आणि त्यावरच आवळण्याचा जोर 25 न्यूटनमीटर असा कोरलेला असतो. लांब पान्याने ‘थोडे अजून’ आवळणाऱ्या मिस्त्रीला तेथेच थांबवा. जुने ऑइल सोडायचा चेंबरचा नट 30 न्यूटनमीटरला, आणि तोही दर वेळी नवा.

काढलेला फिल्टर लगेच टाकू नये. घड्या उलगडून उन्हात धराव्यात. काळे ऑइल डिझेलमध्ये स्वाभाविक आहे, पण कागदावर चांदीसारखी चमकणारी कणी दिसली आणि ती लोहचुंबकाला चिकटली, तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून लोब बघून घ्यावेत. तेव्हा खर्च कॅमशाफ्टपुरता राहण्याची शक्यता असते.

एअर फिल्टर ऊसतोडीच्या हंगामानंतर बदलतो, कारण त्या महिन्यांत रस्त्यावरची धूळ वेगळीच असते. डिझेल फिल्टर पावसाळा संपल्यावर, पाण्याच्या भीतीने.

मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूवाल्यांनी वरचे आकडे उचलू नयेत. त्यांची मानके वेगळी : जुन्या पेट्रोल मर्सिडीजला 229.3 किंवा 229.5, त्या काळच्या बहुतेक पेट्रोल बीएमडब्ल्यूंना लाँगलाइफ-01. आणि फोक्सवॅगनवाल्यांनी मला विचारताना नुसते ‘2008 चे मॉडेल’ सांगू नये. सर्व्हिस बुकात आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात एक स्टिकर असतो, त्यावरचा इंजिनाचा तीन अक्षरी कोड सांगावा.