फेस

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आणि मी हिवतापावर चालेल असा झाडाचा अर्क काढायला सॉक्सलेट लावून बसले होते. सॉक्सलेट म्हणजे द्रव उकळून अर्क काढायचं काचेचं उपकरण. त्याच्या कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीतून, गार पाणी तासन्‌तास वाहतं ठेवावं लागतं. नळ कोरडे. शेवटी बादलीत कूलरचा पंप सोडला आणि तेच पाणी फिरवलं. दुपारी बादली कोमट व्हायची अन् अर्क काढायला घातलेलं मिथेनॉल वाफ होऊन उडून जायचं.

सर म्हणाले, "सोड की ते उकळणं. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना गेल्या वर्षी नोबेल मिळालं ते वाचलंस ना?" दवण्याच्या भाऊबंदातल्या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन हे हिवतापाचं औषध मिळवताना जास्त उष्णता त्यांना नडली होती, ३५ अंशांच्या आसपास उकळणाऱ्या ईथरने काम झालं. मग मीही झाडाची भरड तीन दिवस मिथेनॉलात नुसती भिजवली.

झाड हिंगणबेटाचं, आमच्या बांधावरचं. गावातले एक म्हातारे तापावर त्याची साल देत. साल सोलायचं जिवावर आलं, म्हणून मी फळांचा गर घेतला. (चूक इथेच झाली होती.)

हिवतापाचे जंतू वाढवायची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून पुण्याला गेले. तिथे माणसाच्या तांबड्या पेशींत फाल्सिपेरम हा हिवतापाचा जंतू वाढवतात. प्लेटच्या खळग्यांत कमी-जास्त मात्रेत अर्क, एका रांगेत तुलनेला क्लोरोक्वीन हे हिवतापाचं औषध, मग ३७ अंशांत ४८ तास. आकडे आले तेव्हा वरच्या मात्रांना जंतू जवळपास साफ! मी घरी फोनसुद्धा केला.

तिथल्या ताईंनी मात्र गिम्सा या रंगाने रंगवलेली स्लाइड पुढे सरकवली. जंतू नव्हतेच, पण तांबड्या पेशीही नव्हत्या. खळग्यातलं पाणी सरबतासारखं लाल, नितळ. जंतू न घातलेल्या रक्तातही तेच. अर्काने पेशीच फोडल्या होत्या. घरच पडल्यावर भाडेकरू कुठला राहतोय!

"सॅपोनिन असेल, साबणासारखा फेस करणारं आणि पेशी फोडणारं द्रव्य," ताई म्हणाल्या, आणि मला आजी आठवली. ती हिंगणबेटाच्याच गराने लुगडी धुवायची.

पेशी फुटणार नाहीत इतकी मात्रा उतरवल्यावर जंतू मजेत वाढले. सालीचं काम नंतर वेगळं केलं. आता कुठलाही नवा अर्क आला की आधी चिमूटभर पाण्यात घालून बाटली खळखळ हलवते आणि फेस किती वेळ टिकतो ते बघते.