तुम्ही विचारलंत म्हणून: पास झालेलं औषध घातक कसं निघतं?

सेलूच्या मोंढ्याजवळ माझं मेडिकल आहे. एखाद्या औषधावर बंदी आल्याची बातमी पेपरात आली की काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "भाऊ, सरकारनं पास केलेलं होतं ना हे? मग आधी तपासलं नव्हतं का?" मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून इथं लिहितो.

तपासलेलं असतं. पण किती आणि कुणावर, ते बघा. बाजारात येण्याआधी नवं औषध फार तर काही हजार रुग्णांनी घेतलेलं असतं, आणि तेही निवडून घेतलेले. त्यात गरोदर बाई सहसा नसते, किडनी खराब झालेले आजोबा नसतात. परदेशात आधीच मंजूर झालेल्या औषधाला तर २०१९ च्या नियमांनुसार काही अटींवर इथली चाचणी माफही होऊ शकते. आता हिशेब करा. तीन हजार जणांनी गोळी घेतली आणि एकालाही अमुक त्रास झाला नाही, तरी तो हजारात एकाला होत असण्याची शक्यता शिल्लक राहतेच. तीच गोळी मराठवाड्यात लाखभर लोक घ्यायला लागले तर ते शंभर जण झाले. मंजुरीचा अर्थ एवढाच, की या आजारासाठी, आज हातात असलेल्या माहितीवरून, धोक्यापेक्षा फायदा जास्त दिसतोय. कॅन्सरच्या औषधानं केस गेले तर माणूस सोसतो. सर्दीच्या गोळीनं गेले तर कोण सोसेल?

पुढची तपासणी तुमच्या-माझ्यावरच होते.

आमच्याकडं एक मावशी आल्या होत्या. खालच्या ओठावर हरभऱ्याएवढा काळा डाग. "गोळी गरम पडली," एवढंच म्हणाल्या आणि मलम मागितलं. जुलाबासाठी गावातल्या डॉक्टरांनी गोळी दिली होती. आधी कधी असं झालं होतं का, विचारलं तर म्हणाल्या, "मागच्या पावसाळ्यात बी झालतं की. याच जागी." तेव्हाही जुलाब, तेव्हाही तीच गोळी. बंद केल्यावर डाग फिका पडला, पुन्हा घेतल्यावर त्याच ठिकाणी उमटला. औषधाचा दोष ठरवताना याहून बोलका पुरावा क्वचित मिळतो, कारण बाधलेलं औषध मुद्दाम पुन्हा कुणी देत नाही. फक्त एक अडचण होती. त्या गोळीत ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल अशी दोन औषधं होती. त्यातलं नेमकं कुठलं? ते यावरून ठरत नाही, म्हणून संशयित म्हणून दोन्ही लिहिली. एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं कोंबायची आपल्याकडं भारी हौस. तिचा हा तोटा कुणी धरतच नाही.

लिहिली म्हणजे औषध बाधल्याचं कळवायच्या सरकारी फॉर्मवर. त्यात रुग्णाचं पूर्ण नाव नसतं, नुसती आद्याक्षरं. औषध कधी सुरू केलं, त्रास कधी झाला, सोबत आणखी काय चालू होतं, एवढं लागतं. मेडिकल कॉलेजातल्या केंद्रात तो तपासून औषधाचा संबंध 'निश्चित', 'बहुधा', 'शक्य' की 'संभव कमी' ते ठरवतात. तिथून माहिती गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेकडं जाते आणि पुढं स्वीडनमधल्या उप्सालाला, अशा नोंदींच्या जागतिक साठ्यात. देशभराचा हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. एका फॉर्मनं काही सिद्ध होत नाही. पण नांदेड, नागपूर, नाशिक सगळीकडून सारखंच यायला लागलं की शंका घ्यावीच लागते.

काळा डाग नजरेत तरी भरतो. खरी पंचाईत होते ती एरवीही सगळीकडं दिसणाऱ्या आजारांची. साठीतल्या माणसाला अटॅक आला, तर तो गोळीनं आला की तंबाखूनं, हे त्याच्याकडं बघून कुणालाच सांगता येणार नाही. रोफेकॉक्सिब ही सांधेदुखीची गोळी अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झाली होती. पुढं आतड्यातल्या गाठींसाठी तिची चाचणी घेतली, काहींना ती गोळी आणि काहींना औषध नसलेली. दीड वर्षानंतर गोळीवाल्यांत अटॅक आणि लकवा जास्त दिसायला लागले. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीनं ती जगभरातून मागं घेतली. दुसरा गट शेजारी नसता तर हे कळलंच नसतं.

प्रत्येक वेळी सरसकट बंदीच येते असंही नाही. ताप-अंगदुखीवरचं निमेसुलाइड २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना देता येत नाही. शुगरच्या पायोग्लिटाझोनची विक्री मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून जून २०१३ मध्ये थांबवली आणि जुलै संपता संपता, ठळक इशारा छापायच्या अटीवर, पुन्हा सुरू केली. लोक याला सरकारचा घोळ म्हणतात. मला यात घोळ दिसत नाही. स्वस्त आणि कामाचं औषध होतं, तेही तराजूत टाकावं लागतंच.

भेसळीचं प्रकरण मात्र वेगळं. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं लेकरं गेली, ती त्यातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषामुळं. तिथं दोष त्या मालाचा असतो आणि बॅच नंबरावरून तो शोधतात.

औषध बाधलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. मग १८००-१८०-३०२४ या फुकट नंबरवर कामाच्या दिवशी तुम्ही स्वतःही कळवू शकता. फॉर्म मराठीतही आहे. उरलेली स्ट्रिप फेकू नका. सुट्या गोळ्या घेतल्या असतील तर बॅच नंबरचं टोक बहुतेक वेळा दुकानातच राहिलेलं असतं, तेव्हा बिल मागून घ्या. त्यावर बॅच नंबर असतो.