फेनयांगची बोली, पिंगयाओचा पडदा

चीनला जाऊन शांघाय बघायचं सोडून शान्शीसारख्या कोळशाच्या प्रांतात कशाला, असं घरच्यांनी विचारलं. कारण एकच, जिया झांगके: त्याचं गाव आणि जवळच्या पिंगयाओत त्याने सुरू केलेला चित्रपट महोत्सव. हा दिग्दर्शक १९७० साली शान्शीतल्या फेनयांग या छोट्या गावात जन्मला आणि त्याने कॅमेरा आधी आपल्याच गावावर रोखला. पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला त्याचा 'प्लॅटफॉर्म' पाहिला तेव्हापासून ते गाव डोक्यात होतं. त्या चित्रपटात गावातली पोरं थिएटरात बसून राज कपूरचा 'आवारा' बघतात. पडद्यावर आपलं गाणं ऐकू आलं तेव्हा आमच्या हॉलमध्ये सगळे खुर्चीत सरसावून बसले होते.

बीजिंग वेस्टवरून सुटलेली वेगवान गाडी शच्याच्वांगवरून थायुआनकडे जाते. जपानशी झालेल्या युद्धात चिनी जखमींवर उपचार करणाऱ्या आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी या शच्याच्वांगमधल्या हुतात्मा स्मारकात आहे. येताना तिथे उतरले. समाधीवर ताजी फुलं होती. आपल्याकडे शांतारामबापूंनी कोटणीसांवर १९४६ साली चित्रपट काढला, चीनमध्ये १९८२ साली निघाला. कोणाची आठवण जपायची हे सरकारने ठरवलं की त्यासाठी पुतळा, पाठ्यपुस्तक आणि चित्रपट सगळं उभं राहतं. कोटणीसांच्या बाबतीत मला त्याचा अभिमानच वाटला. पण त्याच यंत्रणेने ज्यांना वगळलं, त्यांनी एकमेकांना कुठे भेटायचं?

काहींनी तर गाडीतच भेटायचं ठरवलं. बीजिंगमध्ये २००१ साली समलिंगी आणि क्विअर चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला आणि जागा बदलत, पोलिसांना चुकवत भरत राहिला. २०१४ साली आयोजकांनी प्रेक्षकांना सांगितलं, आपापले लॅपटॉप घेऊन रेल्वेत बसा. गाडी सुटल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी चित्रपट सुरू केला. धावत्या डब्याची वीज कोण तोडणार? माझ्या डब्यात जो तो आपापल्या मोबाइलमध्ये बुडालेला होता. त्यांच्याकडे बघताना मला त्या प्रेक्षकांची फार आठवण येत राहिली.

पिंगयाओ म्हणजे सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या तटबंदीच्या आतलं जुनं शहर. १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. १८२३ साली सुरू झालेली रशंगछांग ही चीनमधली पहिली हुंडीची पेढी इथलीच. तिच्याबद्दल सगळ्या गाइडबुकांत भरपूर आहे, म्हणून मी लिहीत नाही. मला जायचं होतं ते तटबंदीच्या आतल्याच जुन्या डिझेल इंजिनच्या कारखान्यात. जिया आणि इटालियन महोत्सव-संचालक मार्को म्युलर यांनी २०१७ साली तिथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू केला. कारखान्याच्या शेडचं थिएटर झालंय. मोठ्या हॉलला 'स्प्रिंग इन अ स्मॉल टाउन'चं नाव दिलंय. फेई मू यांचा हा १९४८ चा चित्रपट. क्रांतीनंतर तो 'भांडवलदारी हळवेपणा' ठरवून बाजूला टाकला गेला आणि कित्येक वर्षं कोणी पाहिलाही नाही. २००५ साली हाँगकाँगच्या परीक्षकांनी मात्र त्याला सर्वश्रेष्ठ चिनी चित्रपट म्हटलं. हॉलसाठी नेमकं हेच नाव निवडणाऱ्याचं मन मला कळलं.

खेळ सुरू होण्याआधी पडदा हिरवा होतो आणि त्यावर सोनेरी ड्रॅगन उमटतो, खाली परवान्याचा क्रमांक. हा सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना. चीनमध्ये 'यू', 'ए' अशी वयोगटांची प्रमाणपत्रं नाहीत. जे पास होतं ते सगळ्यांसाठी, जे होत नाही ते कोणासाठीच नाही. मार्च २०१७ मध्ये लागू झालेल्या चित्रपट कायद्याने तर परवान्याविना महोत्सवातही चित्रपट दाखवायला बंदी घातली, आणि २०१८ पासून चित्रपटांचं खातं थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेलं. माझ्या शेजारी बसलेली बीजिंगची विद्यार्थिनी ड्रॅगन दिसताच हलकेच म्हणाली, "आता निवांत बघा, हा पूर्ण होणार." मध्येच बंद पडलेले खेळ तिने पाहिले होते.

संध्याकाळचा खेळ उघड्यावर होता. त्या प्रेक्षागृहाचं नाव 'प्लॅटफॉर्म'. बसायच्या दगडी पायऱ्या, शान्शीची कोरडी थंडी, जाड कोट घातलेली माणसं. चित्रपट एका नवख्या दिग्दर्शकाचा होता आणि संवाद इथल्या बोलीत. माझ्या मागे गावातल्या चार-पाच बायका बसल्या होत्या, सूर्यफुलाच्या बिया सोलत. पडद्यावरच्या सासूने सुनेला काहीतरी टोमणा मारला आणि या बायका खळखळून हसल्या. बीजिंगहून आलेली पोरं हसली ती क्षणभराने, खाली उमटलेली चिनी अक्षरं वाचून. मी त्याच्याही मागून, इंग्रजी वाचून. त्या रात्री सगळ्यात पुढे त्या बायका होत्या. चीनमध्ये टीव्ही-रेडिओवर प्रमाण चिनीच चालावी असा कायदा २००१ पासून आहे. बोलीला सवलत मिळते ती परवानगीने किंवा गरज पटवून दिल्यावर. पुण्याची मराठी हीच शुद्ध असं ऐकत वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला मोठ्या पडद्यावर आपल्या आजीची बोली ऐकून काय वाटतं, हे मी घरातच पाहिलंय. माझे वडील यवतमाळचे.

जियाचा पहिला मोठा चित्रपट, १९९७ चा 'श्याओ वू', अशाच बोलीत आहे. फेनयांगच्या रस्त्यांवर हिंडणारा एक पाकीटमार आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाडली जाणारी त्याची गल्ली. परवानगी न घेता केलेला. चित्रपट बर्लिन महोत्सवाला गेला, गाजला आणि १९९९ साली जियावर चित्रपट काढायला बंदी आली. 'प्लॅटफॉर्म'ही देशात लागला नाही. सरकारी परवाना मिळालेला त्याचा पहिला चित्रपट २००४ चा 'द वर्ल्ड'. २०१३ साली कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळवलेला 'अ टच ऑफ सिन' चीनच्या थिएटरांत लागलाच नाही.

'श्याओ वू'मधला पाकीटमार रंगवणारा वांग होंगवेई पुढे बीजिंगच्या पूर्वेला सोंगच्वांग या चित्रकारांच्या वस्तीत स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव चालवत होता. कलासमीक्षक ली श्यानथिंग यांच्या फिल्म फंडाने तो उभा केला होता. २०१२ साली उद्घाटनाच्या चित्रपटातच वीज गेली. २०१४ साली महोत्सव भरूच दिला नाही आणि पोलिसांनी फंडाच्या कचेरीतला संग्रह उचलून नेला. वर्षानुवर्षं जमवलेले माहितीपट, कागदपत्रं, संगणक, सगळं. नानजिंगचा स्वतंत्र महोत्सव २००३ पासून चालू होता, तोही २०२० च्या जानेवारीत आयोजकांनी थांबवला. खऱ्या अर्थाने स्वतंत्र महोत्सव भरवणं आता शक्य नाही, असं त्यांनी जाहीरच केलं.

मग पिंगयाओ ही तडजोड आहे का? आहे. अधिकाऱ्यांशी बोलून, ड्रॅगन लावून उभी केलेली. तरी मी जियाला दोष देणार नाही. त्या पायऱ्यांवर हसणाऱ्या बायका मी पाहिल्या. पण पिंगयाओ आहे म्हणून सोंगच्वांगचं भागलं, असं कोणी म्हणू नये. कापलेला प्रसंग कधीतरी परत जोडता येतो. पण एकत्र बसून पाहणाऱ्या, खेळानंतर चहावर भांडणाऱ्या लोकांची पांगापांग झाली की ते वर्तुळ परत जमवायला पिढी जाते. सेन्सॉरचा सगळ्यात मोठा घाव मला तिथे दिसतो.

फेनयांग पिंगयाओहून बसने तासाभरावर. विटांचा तेरा मजली वेनफंग मनोरा दुरूनच दिसतो. नूडल्सच्या एका दुकानात मालक पिठाच्या गोळ्यावरून पात्याने थेट उकळत्या पाण्यात पट्ट्या उडवत होते, हात न थांबवता. विद्यार्थिनी दुभाषी म्हणून सोबत होती. तिने 'श्याओ वू'चं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, "पाहिलाय ना, चोरीच्या डिस्कवर. आमची गल्ली आहे त्यात." थिएटरात पाहिलात का, या प्रश्नावर नुसती मान हलवली. मग हात पुसून बाहेर आले आणि पाडलेली गल्ली कुठून कुठपर्यंत होती ते रस्त्यावर उभं राहून दाखवलं. डिस्कचं दुकान कुठे होतं, तेही. आता तिथे बँक आहे.

जाणार असाल तर महोत्सवाच्या तारखा आधी बघून घ्या, गेली काही वर्षं तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास असतो. उघड्यावरच्या खेळाला जाड कपडे हवेतच. आणि तिकिटं काढताना मोठ्या नावांमागे न धावता शान्शीच्या बोलीतला एखादा चित्रपट निवडा, गावकऱ्यांच्या जवळची जागा धरून.