विंग लूंगचे लांब पंख

परवा आमच्या सोयाबीनवर फवारणीचा ड्रोन आणला, दहा-पंधरा मिनिटं उडला की लगेच बॅटरी बदला, तवा मला चीनच्या विंग लूंग या विमानासारख्या लष्करी ड्रोनचं लईच कौतुक वाटलं. पहिलं मॉडेल 2007 ला उडालं, पंख टोकापासून टोकापर्यंत 14 मीटर, वजन 1100 किलो अन् इंजिन फक्त 100 हॉर्सपॉवरचं, तरी 20 तास हवेत! कारण वजन पंखच पेलतात, मागच्या प्रोपेलरला नुसतं पुढं ढकलायचंय. शेपूट व्ही आकाराचं, दोनच पाती, त्याच्यावरच ड्रोन वरखाली पण अन् डावीउजवीकडं पण वळतो. मी थर्माकोलचं तसंच केलं, एक पातं बोटभर वाकडं बसलं अन् सरळ तुरीत घुसलं. विंग लूंग-2 ला टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइननं प्रोपेलर फिरवणारं इंजिन बसवलं, पंख 20.5 मीटर, वजन 4200 किलो.