स्कूबाचा मेडिकल फॉर्म आणि माझा उजवा कान

ठाण्यात राहून स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकायचं मनात असेल तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी मेडिकल फॉर्मचं काम उरकून घ्या. थिअरी, परीक्षा, स्विमिंग पूलमधले धडे हे सगळं सरळ पार पडतं. घोडं अडतं ते या फॉर्मपाशी. माझं असं अडलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं.

बेत असा होता की थिअरी आणि पूल इथे करायचा आणि परवान्यासाठी लागणाऱ्या चार डाइव्ह (बुड्या) अमेरिकेतल्या उत्तर फ्लोरिडात, बहिणीकडे राहून, तिथल्या झऱ्याच्या तळ्यात करायच्या. अशी विभागणी चालते, तिला रेफरल म्हणतात. पण 2024 च्या जुलैत ठाण्यात पावसाने धुमाकूळ घातला. वंदना सिनेमापाशी नेहमीसारखं पाणी तुंबलं, त्यातून वाट काढत घरी यायचं, रोज डोक्यापासून पायापर्यंत ओलं. उजवा कान ठणकायला लागला. बुरशी निघाली. थेंब घातले, कान बरा झाला, विषय संपला असं वाटलं.

फॉर्मवर दहा प्रश्न असतात. वय 45 च्या वर आहे का, दमा, हृदय, फिट्स, चालू औषधं. 1.6 किलोमीटर 14 मिनिटांत चालता येतं का, हेही विचारतात. ते मी उपवन तळ्यापाशी घड्याळ लावून करून पाहिलं, जमलं. चौथा प्रश्न डोळे, कान आणि नाकाचा. तिथे 'हो' म्हटलं की पुढच्या पानावरची चौकट भरावी लागते, आणि तिथे कानाचा आजार 'हो' केला की डॉक्टरच्या मंजुरीशिवाय पाण्यात उतरता येत नाही.

"सरळ 'नाही'वर टिक कर ना, कोण बघतंय?" हे मला बॅचमधल्यांनी सांगितलं, घरच्यांनीही सांगितलं. मी ऐकलं नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. जमिनीवर हवेचा दाब एक 'वातावरण' (दाब मोजायचं एकक) असतो, पाण्याखाली 10 मीटरवर तो दोन होतो. म्हणजे पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट. कानात हवा सारून तो दाब बरोबर करता आला नाही तर पडदा फाटू शकतो, गार पाणी आत शिरतं आणि अशी चक्कर येते की वर कुठे, खाली कुठे तेच कळत नाही. हे माहीत असताना खोटी टिक करायची?

मग फॅमिली डॉक्टर. ते म्हणाले, कानाचं आहे, कान-नाक-घशावाल्यांकडे जा. तिथे ऑडिओमेट्री (ऐकू किती येतं ते) झाली, टिम्पॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का ते) झाली, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, कान एकदम छान आहे. मी फॉर्म पुढे केला तसा त्यांचा चेहराच बदलला. "यावर मी सही करणार नाही. खाली काही झालं तर माझ्यावर येईल." बरं, कान छान आहे हे लेटरहेडवर तरी द्या म्हटलं. ते दिलं, 'फिट' असं एका शब्दात. इन्स्ट्रक्टरने ते चिठोरं परत केलं, आणि त्याचं बरोबरच होतं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशा दोन चौकटी असतात, त्यातल्या एकीवरच डॉक्टरची खूण लागते.

पुन्हा त्याच कान-नाक-घशावाल्यांकडे. डॉक्टर कॅम्पला गेलेत. डॉक्टर ऑपरेशनला गेलेत. "फॉर्म ठेवून जा, सही करून ठेवतील." ठेवला. पुढच्या वेळी काउंटरवरच्या मुलीला तो सापडेना. शेवटी औषधाच्या सॅम्पलच्या खोक्याखालून निघाला, कोपरा दुमडलेला, सही नाहीच. वर मला ऐकवलं, "तुम्ही पेशंट नाही ना, मग पेशंट संपेपर्यंत बसा." ऑडिओमेट्रीचे पैसे घेताना मी पेशंट होते! डॉक्टरला नको असेल तर नाही म्हणावं, तो त्यांचा हक्क आहे. पण आज या, उद्या या करत माणसाला झुलवत ठेवायचं नाही.

गाठ सुटली ती एका कागदामुळे. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी वेगळं मार्गदर्शन असतं. अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी या डाइव्हिंगच्या वैद्यकातल्या संस्थेच्या साइटवर ते फुकट मिळतं. आपण फॉर्म छापतो, हे कुणी छापत नाही. कानाच्या कुठल्या तक्रारीत डाइव्हिंग अजिबात नको आणि कुठल्या तक्रारीत तपासून चालेल, ते त्यात दिलेलं आहे. ते घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानाचा भाग ओळीवर बोट ठेवून वाचला. मग कानात दुर्बीण धरून म्हणाले, "नाक दाबा, तोंड मिटा, हलकेच हवा सोडा." पडदा हललेला त्यांना दिसला. दुसरा कानही तसाच पाहिला. 'मंजूर'वर खूण, सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. बाहेर येऊन मी रिक्षाही न करता चालत घरी गेले, इतकं हलकं वाटत होतं.

फ्लोरिडातही पूर होताच. ऑगस्टमध्ये डेबी वादळाच्या पावसाने नद्या फुगल्या होत्या. वज्रेश्वरीजवळ अकलोलीला तानसा नदी चढली की पात्रातली गरम पाण्याची कुंडं कशी नदीखाली जातात, तसंच तिथे होतं. नदीची पातळी झऱ्यापेक्षा वर गेली की चहाच्या रंगाचं पाणी उलटं झऱ्यात शिरतं, तळ दिसत नाही आणि निवळायला कित्येक आठवडे लागू शकतात. इन्स्ट्रक्टरने तारखा पुढे ढकलल्या. मी सही हातात आल्याशिवाय तिकीट काढलं नव्हतं, त्यामुळे एक रुपयाही बुडाला नाही. पाणी निवळल्यावर गेले. ते बारा महिने साधारण 22 अंश असतं, ठाण्याच्या माणसाला गारच, जाड वेटसूट (पाण्यात ऊब राखणारा रबरी पोशाख) मागून घ्या. तळाच्या चुनखडीतून पाणी वर येताना वाळूचे कण नाचत होते. उजवा कान पहिल्याच प्रयत्नात मोकळा झाला.

शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा. पावसाळ्यात पूलवरून आल्यावर कान कोरडे करा, पण कापसाची काडी आत घालू नका. आणि सही झालेल्या फॉर्मची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवून मगच मूळ प्रत कुणाच्या हातात द्या.