सीएनसी की हात? आधी लाकडाचं विचारा

कस्टम पूल क्यूचा, म्हणजे ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या पूलच्या काठीचा, विषय निघाला की आमच्या पार्लरमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते हाताचं काम ते हाताचं काम, दुसरी म्हणते सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन, आलंय आता कशाला डोकेफोड. आणि शाफ्टचं, म्हणजे काठीच्या पुढच्या निमुळत्या भागाचं, लाकूड किती मुरलंय हे कुणी विचारतच नाही, त्याचा मला खरंच त्रास होतो.

शाफ्ट म्हणजे हार्ड मेपल, बॉलला लागणाऱ्या टिपेपाशी साधारण १३ मिमी जाड. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, एका दमात उतरवला तर आतला ताण मोकळा होतो आणि लाकडाला बाक येतो, म्हणून चांगले कारागीर पातळ थर काढून शाफ्ट टांगून ठेवतात, काही आठवडे जाऊ देतात, परत थोडा काढतात, असं महिनोन् महिने चालतं आणि मधे जो वाकला तो सरळ बाद. मुंबईत तर हे पाहिजेच. जूनमध्ये आपल्या घरचे दरवाजे फुगून चौकटीला अडकतात, ती दमट हवा मेपलला सोडणारे का? हा कट मशीनवर मारा नाहीतर हातानं चाक फिरवून, थांबायचं तर दोघांनाही आहे.

बटवरच्या, म्हणजे काठीच्या मागच्या जाड भागावरच्या, नक्षीच्या टोकांचं मात्र वेगळं. अमेरिकेतला जॉर्ज बालाबुष्का, जन्मानं रशियन, १९५९ पासून क्यू बनवायला लागला, सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूचे बट घेऊन काम करायचा. जुन्या पद्धतीत व्ही आकाराची खाच पाडून दुसरं लाकूड चिकटवलं की लेथवर टोक अणकुचीदार निघतं. सीएनसीचा कटर गोल, त्यामुळे जडावकामाचं टोक किंचित गोलसर राहतं, नंतर हातानं कोरलं तर गोष्ट वेगळी. आणि स्नूकरमध्ये बरोब्बर उलटं! तिथे रंध्यानं बनवलेल्या क्यूची टोकं गोलसर आणि मशीनवाल्याची टोकदार, त्यामुळे जिमखान्यात स्नूकर खेळणारा आणि पूलवाला एकाच टोकाकडे बघून दोन वेगळे निकाल देतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

नवीन तंत्राला मी नावं ठेवणार नाही. नव्वदच्या दशकात प्रिडेटर कंपनीनं मेपलच्या फोडी चिकटवून, टिपेकडे आतून पोकळ असा शाफ्ट काढला. पुढचं वजन कमी झालं की साइड मारताना, म्हणजे मधोमध न मारता बाजूला मारताना, व्हाइट (पांढरा बॉल) आपल्या रेषेपासून कमी सरकतो, हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. कार्बन फायबर तर ओलावा पीतच नाही, म्हणजे आपल्या हवेला एकदम फिट. पण मेपलवर बॉल लागल्याचं जे हातात कळतं ते मला कार्बनमध्ये अजून तरी मिळालेलं नाही, म्हणून माझा शाफ्ट मेपलचाच.

बनवून घेणार असाल तर मशीन कुठलं हे नंतर विचारा, शाफ्ट दोन कटांच्या मधे किती दिवस टांगला होता ते आधी विचारा. ऐन पावसाळ्यात ऑर्डर घेऊन गणपतीआधी नवा मेपल शाफ्ट देतो म्हणाला आणि लाकूड आधीपासून उतरवून ठेवलेलं नसेल, तर ॲडव्हान्स देऊ नका.