घर म्हसावदला, जीप तोरणमाळला, आणि परतीचे टोचन

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा पाहून पुढे तोरणमाळला जायचे, असा बेत डिसेंबरात जळगावात ठरला, तेव्हाच एक अडचण समोर होती. प्रवासी टेम्पोत बिछाने, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून केलेले आमचे फिरते घर तोरणमाळच्या सातपायरी घाटाच्या वळणांवर नेणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून घर म्हसावदला ओळखीच्या खळ्यात उभे करावे आणि मेहुण्यांच्या जुन्या फोर बाय फोर जीपने वर जावे, असे ठरवून आम्ही दोन्ही गाड्या घेऊन निघालो.

अमेरिकेत अशी फिरती घरे चालू स्थितीतली मोटार चारही चाकांवर मागे ओढत नेतात आणि त्यासाठी चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, लावायची पट्टी, घडीचा दांडा, ओढल्या जाणाऱ्या गाडीचा ब्रेक आपोआप दाबणारे यंत्र, असा सगळा संच तिथे विकत मिळतो. आपल्याकडे हे चालत नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार नादुरुस्त किंवा अर्धवट जुळणीची गाडीच ओढता येते आणि तीही जवळच्या गॅरेजपर्यंत. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, दोन गाड्यांतले अंतर ५ मीटरच्या आत आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस, अशा अटी आहेत. त्यामुळे जाताना जीप स्वतःच्या इंजिनावरच गेली. टोचनाची, म्हणजे बंद गाडी ओढून नेण्याची, तयारी केली ती अडीअडचणीसाठी.

दोराऐवजी दांडा घेतला, कारण उतारावर दोर ढिला पडतो आणि मागची गाडी पुढचीवर येऊन आदळते. पहिल्या कारागिराने दांडा अडकवायचे लोखंडी कान जीपच्या बंपरलाच जोडून दिले होते. कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या आवारात चाचणी घेतली तेव्हा चार फेऱ्यांतच बोल्टची गोल भोके चवळीच्या दाण्यासारखी लांबट झाली. बंपर हा धक्का खाण्यासाठी असतो, ओढ सोसण्यासाठी नसतो, हे मला आधीच सुचायला हवे होते. मग दुसऱ्याकडे चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांना जाड प्लेट आणि हाय-टेन्साइल बोल्ट लावून कान बसवले, टेम्पोच्या मागच्या हुकाची उंची मोजून दांडा जमिनीला समांतर राहील असे केले आणि दोन साखळ्या दांड्याखालून फुलीत घेतल्या. पिन निसटली तर दांडा रस्त्यात न रुतता त्या फुलीच्या झोळीत पडावा, हा त्यामागचा हेतू. साखळ्यांना वळणापुरती ढील ठेवावी, मात्र त्या रस्त्याला घासू देऊ नयेत.

तोरणमाळला यशवंत तलावाकाठी दोन दिवस उत्तम गेले. परतताना घाट उतरून सपाटीला लागलो आणि म्हसावद तीन-चार किलोमीटरवर असताना क्लच प्लेट गेली. घाटातच हे झाले असते, तर मी टोचन लावलेच नसते. दोन गाड्यांचे वजन एका गाडीच्या ब्रेकवर उतारावर टाकू नये, त्यापेक्षा क्रेनची वाट पाहावी. “काय व्हयनं भाऊ?” असे विचारत थांबलेल्या एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून मी घर घेऊन आलो.

जोडणीचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी चाकांना लाकडी ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडसर, लावावी, कारण ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) न्यूट्रलला आणल्यावर मुख्य गिअर टाकलेला असला तरी जीप घरंगळते. नंतर दांडा, पिन, पिनेची चिमटी आणि साखळ्या लावाव्यात, किल्ली फिरवून स्टिअरिंगचे कुलूप सुटल्याची खात्री करावी आणि मगच ट्रान्स्फर केसचा दांडा न्यूट्रलला घ्यावा. ज्यांच्या गाडीला वेगळी ट्रान्स्फर केस नाही पण इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यांनी अंतर जास्त असल्यास मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, सोडवून ठेवावा. ऑटोमॅटिक गाडी मात्र इंजिनाची ताकद मिळणारी चाके जमिनीवर ठेवून ओढू नये; इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही बंद असतो.

इतके करूनही दोन किलोमीटरवर जळका वास आला. हँडब्रेकचा एक दात अडकलेला राहिला होता आणि या जुन्या जीपमध्ये त्याचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागेच असल्याने वास थेट मेहुण्यांच्या आसनाखालून येत होता. त्यांनी हॉर्न दोनदा वाजवला, म्हणजे आमच्या ठरलेल्या खुणेप्रमाणे ‘थांबा’. ड्रम निवेपर्यंत अर्धा तास गेला. त्यांच्या जीपला बूस्टर (इंजिनाच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग) नसल्याने इंजिन बंद असतानाही ब्रेक नेहमीसारखा लागत होता; नव्या गाड्यांत इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते, याची मागे बसणाऱ्याला आधीच कल्पना द्यावी.

मागे घेणे पूर्णपणे टाळावे. दांड्यासह रिव्हर्स घेतला की मागच्या गाडीची चाके आडवी होतात आणि कान वाकतात. त्या दिवसांत शहाद्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, त्यामुळे उजेडात पोहोचण्याच्या बेताने निघावे आणि मागे ‘टोचन’ असा मोठ्या अक्षरांचा पांढरा फलक बांधावा. आम्ही म्हसावदहून शहाद्याच्या गॅरेजला सव्वा तासात पोहोचलो. क्लच प्लेट दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याहून एसटीने आली आणि तोवर गॅरेजच्या आवारात उभ्या असलेल्या घरातच आम्ही वांग्याचे भरीत केले.